महामारी आणि कुटुंबाची अन्नसुरक्षा

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत, तुमसर तालुक्यात चिखला हे खाणीचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांपासून येथील भूगर्भातून मँगनीज काढले जात आहे. पूर्वी विलायती कंपनीच्या ताब्यात असलेल्या या खाणी १९६२ साली स्थापन झालेल्या मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आल्या. १९७७ मध्ये ती कंपनी पूर्णतः शासकीय मालकीची झाली आणि आज ती 'मॉयल' या नावाने ओळखली जाते. चिखल्याची खाण भूमिगत आहे, तर जवळच्या डोंगरी बुजुर्ग येथे उघड्या खाणीतून खनिज काढले जाते. खाणींच्या सभोवार जंगल आणि धानाच्या बांध्या असा हा मुलूख असून तुमसरची तांदळाची बाजारपेठ विदर्भात प्रसिद्ध आहे.

खनिज, वन आणि धान ही तिन्ही ज्या भागात आहेत, तेथे अन्नटंचाईचा विषय काढणे वरवर पाहता विसंगत वाटेल. परंतु कोविड महामारीच्या काळात याच प्रकारच्या गावांनी एक निराळाच अनुभव घेतला. देशभर टाळेबंदी जारी झाली ती २५ मार्च २०२० रोजी. भंडारा जिल्ह्यात पहिला रुग्ण नोंदला गेला तो एप्रिलच्या अखेरीस. म्हणजे सुमारे महिनाभर जिल्ह्यात रोग नव्हता. परंतु मजुरी बंद होती, आठवडी बाजार बंद होते आणि वाहतूक थांबली होती. रोगाच्या आधी रोगाचा बंदोबस्त आला आणि त्या बंदोबस्ताचा पहिला आघात फुप्फुसांवर नव्हे, तर चुलीवर झाला. तो आघात सर्व घरांवर सारखा झाला नाही. एकाच आळीतील दोन घरांपैकी एक तरले आणि दुसरे खचले, असे का व्हावे, हा या लेखाचा विषय आहे. पंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय अधिकारी यांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे. कारण घरे ओळखण्याचे काम अखेर त्यांनाच करावे लागते.

धान्य होते

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०२० मध्ये देशात धान्याची उणीव नव्हती. १ एप्रिल २०२० च्या सुमारास केंद्रीय साठ्यात तांदूळ व गहू मिळून साडेपाच कोटी टनांहून अधिक धान्य होते. त्या तारखेस राखीव साठ्याचा निकष २ कोटी १० लाख टनांचा आहे. म्हणजे कोठारे निकषाच्या अडीचपटीहून अधिक भरलेली होती.

कोठार भरलेले असताना घरातील कणगी रिकामी कशी राहते, याचे विवेचन अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा, की माणूस उपाशी राहतो तो धान्य नसते म्हणूनच असे नाही. धान्यावर हक्क सांगण्याचे त्याचे साधन नाहीसे झाले म्हणूनही तो उपाशी राहतो. हे साधन शेतातील पीक असेल, मजुरी असेल, उधारी देणारा दुकानदार असेल किंवा शासनाने दिलेली शिधापत्रिका असेल. यांपैकी किती साधने एका घराकडे आहेत आणि संकटात त्यांतील किती एकाच वेळी तुटतात, यावर त्या घराची असुरक्षितता ठरते.

दुष्काळाची रीत येथे चालत नाही

महाराष्ट्राला दुष्काळ नवा नाही आणि दुष्काळाशी झुंजण्याची रीतही नवी नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता तयार झाल्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांत मध्य प्रांताला, ज्यात तेव्हा भंडारा जिल्हा होता, त्यांचा पुरेपूर अनुभव आला. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रस्ते, नालाबांध आणि पाझर तलावांची कामे काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. वि. स. पागे यांनी पुरस्कारलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या सर्व उपाययोजनेचे एक मर्म आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. दुष्काळी कामावर येणाऱ्याला यादीची गरज नसते. ज्याला गरज आहे तो कुदळ घेऊन येतो, दिवसभर राबतो आणि मजुरी नेतो. ज्याला गरज नाही तो उन्हात खडी फोडायला येत नाही. गरजू कोण हे ठरविण्याचे काम तलाठ्याला करावे लागत नाही. ते काम उन्हानेच केलेले असते.

महामारीत नेमकी हीच रीत निरुपयोगी ठरते. माणसे एकत्र जमवायची नाहीत हा तर रोगनियंत्रणाचा पहिला नियम. टाळेबंदीच्या आरंभीच्या आठवड्यांत रोजगार हमीची कामेही थांबली. अंतर राखून ती सुरू करण्यास २० एप्रिल २०२० पासून मुभा मिळाली. त्या वर्षी महाराष्ट्रात या कामाची मजुरी दिवसाला २०६ रुपयांवरून २३८ रुपये करण्यात आली होती. परंतु काम बंद असताना वाढीव दराचा उपयोग नसतो. काम देता येत नाही म्हटल्यावर मदत घरी पोहोचवावी लागते आणि घरी पोहोचवायची तर यादी लागते. मग सर्व काही यादीवर अवलंबून राहते. यादीत ज्याचे नाव आहे त्याला धान्य, ज्याचे नाही त्याला विनंतीअर्ज.

१९१८ चे वर्ष

यादीच नव्हती असाही एक काळ या भागाने पाहिला आहे. जून १९१८ मध्ये मुंबईत शिरलेल्या इन्फ्लुएन्झाची दुसरी आणि अधिक घातक लाट सप्टेंबरनंतर देशभर पसरली. मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. संपूर्ण भारतात या साथीने एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता आणि महायुद्धामुळे जिनसांचे भाव आधीच चढलेले होते. साथीचा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होता. धानाच्या प्रदेशात हे दिवस हलक्या धानाच्या कापणीचे आणि त्यामागून येणाऱ्या रब्बीच्या पेरणीचे. रोग घरातील धडधाकट, कमावत्या वयाच्या माणसांवर अधिक तुटून पडत होता. पीक उभे आणि कापणारे हात अंथरुणावर, अशी अवस्था झाली की एका हंगामाचे आजारपण पुढच्या वर्षाच्या अन्नावर पडते.

शंभर वर्षांनंतरच्या महामारीत धान्यपुरवठ्याची सार्वजनिक यंत्रणा उभी होती, हा फरक लहान नव्हे. गावोगावी रास्तभाव दुकान होते, अन्नसुरक्षेचा २०१३ चा कायदा होता आणि फेब्रुवारी २०१४ पासून महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी सुरू झालेली होती. म्हणूनच या वेळचा प्रश्न यंत्रणा आहे की नाही हा नव्हता. ती कोणत्या घरापर्यंत पोहोचते आणि कोणत्या घरापाशी थांबते, हा होता.

घरोघरचे पंचांग

चिखला, गोबरवाही, नाकाडोंगरी या पट्ट्यातील कुटुंबांच्या मिळकतीचे ढोबळ प्रकार पाडले, तर प्रत्येकाचे वर्ष निराळे असल्याचे दिसते.

खाणीच्या पगारपत्रकावर ज्याचे नाव आहे, त्याचे घर सर्वांत स्थिर. महिन्याच्या ठरावीक तारखेस वेतन येते आणि दुकानदार अशा घराला डोळे मिटून उधारी देतो. त्याच परिसरात ठेकेदारामार्फत भरणी-उतरणी किंवा वाहतुकीचे काम करणाऱ्याचे घर मात्र दिवसाच्या हजेरीवर चालते. टाळेबंदीच्या काळातील वेतन कापू नये असे केंद्र शासनाने २९ मार्च २०२० च्या आदेशाने मालकांना बजावले होते; १८ मे पासून तो आदेश राहिला नाही. शिवाय अशा आदेशाचा लाभ मिळण्यासाठी मजुराचे नाव कोणत्या तरी हजेरीपटावर असावे लागते. दोन शेजाऱ्यांची कामे एकाच फाटकाच्या आत, पण संकटात त्यांची घरे दोन निराळ्या जगांत असतात.

अल्पभूधारक धान उत्पादकाचे पंचांग आणखी वेगळे. दिवाळीच्या आगेमागे धान घरात येते. कर्ज, खत आणि लग्नकार्य यांसाठी त्यातील बराच भाग लगेच विकला जातो आणि उन्हाळ्यापर्यंत कणगीचा तळ दिसू लागतो. धान पिकविणारा शेतकरी वर्षाचे काही महिने तांदूळ विकत घेतो, हे शहरातील वाचकाला नवल वाटेल. धानपट्ट्यात ती नित्याची गोष्ट आहे. मार्च महिन्यात आलेली टाळेबंदी त्याला तग धरण्याइतकी सोसली असती. परंतु जूनमध्ये पऱ्हे टाकण्यासाठी बियाणे आणि जुलैत रोवणीसाठी मजुरी लागते, त्याचा पैसा नेमका याच महिन्यांत उभा करावयाचा असतो.

भूमिहीन व वनावर अवलंबून असणाऱ्या कुटुंबांना, ज्यांत गोंड आदिवासी कुटुंबे बरीच आहेत, ही टाळेबंदी सर्वांत वाईट मुहूर्तावर गाठली. मार्च-एप्रिल हे मोहफुले वेचण्याचे दिवस. त्यामागोमाग एप्रिलअखेर ते मे हा तेंदूपत्त्याचा हंगाम. पावसाळ्यातील उपासमारीच्या महिन्यांची तरतूद या दोन हंगामांवर होते. गौण वनोपज गोळा करण्यास एप्रिलच्या मध्यावर केंद्र शासनाने सूट दिली, हा निर्णय अत्यंत समयोचित होता. तो न होता तर वर्षच हातचे गेले असते. पण वेचलेली मोहफुले विकायची कोठे? आठवडी बाजार बंद होता. बाजार बंद म्हणजे केवळ खरेदी बंद नव्हे. टोपलीभर भाजी, चार अंडी, ओंजळभर मासळी विकून मीठ-मिरची आणणाऱ्या स्त्रीची कमाईही बंद, ही बाब टाळेबंदीच्या आदेशांत कोठेही लिहिलेली नसते.

याखेरीज स्थलांतर करणारी कुटुंबे. पूर्व विदर्भातून नागपूरच्या बांधकामांवर, विटभट्ट्यांवर आणि मिरची तोडणीसाठी तेलंगणापर्यंत मजूर जातात. २०२० च्या एप्रिल-मे मध्ये नागपूर-भंडारा-रायपूर हा महामार्ग पायी परतणाऱ्या माणसांनी वाहत होता. परतलेल्या मजुरासोबत पैसा आला नाही, जेवणारी तोंडे मात्र आली. जे घर दोघांच्या हिशेबाने चालले होते, तेथे एकाएकी पाच-सहा पाने मांडावी लागली.

शिधापत्रिकेचा हिशेब

आता यादीकडे वळू. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला दर माणशी दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला दर कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. एप्रिल ते नोव्हेंबर २०२० आणि पुन्हा मे २०२१ ते डिसेंबर २०२२ या काळात प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेखाली दर माणशी आणखी ५ किलो धान्य मोफत देण्यात आले. २०२० मध्ये त्यासोबत दर कुटुंबास दरमहा एक किलो डाळ अथवा चणा देण्याची तरतूद होती.

पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाचा हिशेब मांडून पाहावा. नेहमीचे २५ किलो आणि जादा २५ किलो मिळून ५० किलो, म्हणजे माणशी १० किलो. २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतात माणशी दरमहा सुमारे ११ किलो तृणधान्य खाल्ले जात होते. तेव्हा ज्या घराला दोन्ही वाटे मिळाले, त्याची भाताची गरज जवळजवळ भागली असे म्हणता येते. केवळ नेहमीचा वाटा मिळाला तर ती निम्मीही भागत नाही. जानेवारी २०२३ पासून कायद्याखालील धान्य मोफत झाले. पण महामारीतील जादा ५ किलो त्याच वेळी थांबले. मोफत हा शब्द ऐकून परिमाण दुप्पट राहिले असा समज काही ठिकाणी आढळतो, तो बरोबर नाही.

अंत्योदय कुटुंबाचा हिशेब अधिक विचार करावयास लावणारा आहे. हे सर्वांत गरीब म्हणून निवडलेले घर. परंतु ३५ किलो हे प्रमाण घराला आहे, माणसांना नाही. आठ माणसांच्या अंत्योदय कुटुंबाला माणशी साडेचार किलोही येत नाही. शेजारच्या आठ माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला मात्र ४० किलो मिळतात. एकत्र राहणारे मोठे गरीब कुटुंब अशा रीतीने मागे पडते.

यानंतर केशरी पत्रिका. ग्रामीण भागात वार्षिक ४४ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले केशरी पत्रिकाधारक कुटुंब प्राधान्य गटास पात्र ठरते. पण पात्र असणे आणि समाविष्ट असणे यांत अंतर आहे. राज्यात सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा ठरलेली असून ती तालुक्यांना वाटून दिलेली असते. या संख्येला कार्यालयीन भाषेत इष्टांक म्हणतात. इष्टांक पूर्ण झाला की नवे पात्र कुटुंब प्रतीक्षेत राहते. ही मर्यादा मुळात २०११ च्या जनगणनेवर बेतलेली. २०२१ ची जनगणना महामारीमुळेच पुढे ढकलली गेली, त्यामुळे लोकसंख्या वाढली तरी मर्यादा तेथेच राहिली. जाँ द्रेझ व रितिका खेरा या अभ्यासकांनी २०२० मध्ये केलेल्या अंदाजानुसार या एकाच कारणाने देशभरात दहा कोटींहून अधिक माणसे कायद्याच्या लाभाबाहेर राहिली होती.

राज्य शासनाने केशरी पत्रिकाधारकांसाठी मे व जून २०२० या महिन्यांकरिता माणशी ३ किलो गहू ८ रुपये दराने आणि २ किलो तांदूळ १२ रुपये दराने देण्याचा निर्णय घेतला. पाच माणसांच्या घराला त्याचे २४० रुपये होतात. हा आकडा रोजगार हमीच्या एका दिवसाच्या मजुरीइतका आहे. एरवी ही रक्कम जड नाही. ज्या घरात पाच आठवडे एकही दिवसाची मजुरी आलेली नाही, तेथे तीही जड होते. पत्रिकाच नसलेल्या स्थलांतरितांसाठी मे व जूनमध्ये माणशी ५ किलो मोफत धान्याची स्वतंत्र योजना आली. शिवभोजन थाळीचा दर दहा रुपयांवरून पाच रुपये करण्यात आला आणि केंद्रे तालुक्यांपर्यंत वाढविण्यात आली. यांपैकी प्रत्येक निर्णयाने कोणत्या तरी गटाची भूक हलकी केली. मात्र क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे : आधी यादीतील लोक, मग यादीच्या काठावरचे, मग यादीबाहेरचे. गरजेचा क्रम बहुधा याच्या उलट होता.

पत्रिका असूनही नाव नसणे हा आणखी एक प्रकार. पत्रिका काढल्यानंतर जन्मलेले मूल, लग्न होऊन आलेली सून, माहेरी परतलेली मुलगी, ही माणसे ताटावर असतात, पत्रिकेवर नसतात. सुनेचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी झाल्याखेरीज सासरच्या पत्रिकेत चढत नाही आणि कमी करण्यासाठी माहेरच्या तालुक्याला जावे लागते. एरवी आळसावर ढकलून दिली जाणारी ही दिरंगाई टाळेबंदीत दर महिन्याला पाच-दहा किलो तांदळाची तूट होऊन पुढे आली. एका गोष्टीची नोंद मात्र केली पाहिजे. संसर्ग टाळण्यासाठी लाभार्थ्याचा अंगठा न घेता दुकानदाराच्या अंगठ्यावर धान्य देण्याची मुभा राज्यात देण्यात आली होती. अंगठा न उमटणाऱ्या वृद्ध आणि कष्टकरी माणसांची त्यामुळे काही काळ तरी सोय झाली. पण धान्य दिले की नाही याची खात्री करण्याची जबाबदारी सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्रामदक्षता समितीवर अधिक पडली.

भाताखेरीज काय

धान्य पोहोचले म्हणजे अन्न पोहोचले, हा हिशेब अपुरा आहे. कुटुंबाला महिन्याला मिळणारी एक किलो डाळ पाच माणसांत आणि तीस दिवसांत वाटली, तर माणशी दिवसाला सात ग्रॅमही येत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचविलेल्या आहारात डाळी-कडधान्यांचे प्रमाण दिवसाला सुमारे ८५ ग्रॅम आहे. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात बांध्यांतून धानामागे लाखोळी, हरभरा, जवस घेण्याची चाल आहे. ज्या घराने ते पीक राखले, त्याच्या ताटात वरण राहिले. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला भात आणि मीठ-मिरचीवर भागवावे लागले.

अन्न अधिकार अभियानाने सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये अनेक राज्यांतील वंचित समूहांत केलेल्या पाहणीतही हाच क्रम दिसला. तांदूळ-गहू कमी झाल्याचे निम्म्याहून थोड्या अधिक कुटुंबांनी सांगितले, डाळ कमी झाल्याचे दोन-तृतीयांशांच्या आसपास आणि हिरव्या भाज्या कमी झाल्याचे जवळपास तीन-चतुर्थांश कुटुंबांनी. ही पाहणी मुद्दाम गरीब वस्त्यांत केलेली होती, त्यामुळे ती साऱ्या समाजाचे चित्र नव्हे. परंतु घसरण कोणत्या बाजूने सुरू होते हे त्यातून स्पष्ट होते. भात शेवटी तुटतो. त्याआधी ताटातील बाकी सर्व तुटलेले असते.

घराच्या आतही समान वाटप नसते. सर्वांचे झाल्यावर भांड्यात उरेल ते खाणारी स्त्री ही पहिली भुकेली असते आणि भूक सांगणारी शेवटची. २०१९ मध्ये, म्हणजे महामारीपूर्वीच, महाराष्ट्रात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या होत्या. ताटाचा पहिला घास त्यांच्याच वाट्यातून कमी झाला.

शाळा बंद झाल्याने मुलांच्या आहारात पडलेला फरक शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला १५० ग्रॅम धान्याचे शिजविलेले जेवण मिळते. शाळा बंद असताना त्याऐवजी कोरडा शिधा घरी देण्यात आला. अंगणवाडीतही ताज्या आहाराची जागा धान्य-डाळीच्या पाकिटाने घेतली. मदत थांबली नाही हे चांगलेच झाले. पण शाळेत शिजलेला भात मुलाच्याच पोटात जातो आणि घरी दिलेला तांदूळ सर्वांच्या हंडीत जातो. ज्या घरी हंडी अपुरी आहे, तेथे मुलाचा वाटा सहा जणांत वाटला जातो आणि त्याबद्दल आईला दोष देता येत नाही.

घर ओळखावे कसे

अन्नाची असुरक्षितता पायरीपायरीने वाढते. जागतिक अन्न व कृषी संघटना २०१४ पासून जी आठ प्रश्नांची मापपट्टी वापरते, तीही याच पायऱ्यांवर आधारलेली आहे. प्रथम चिंता : पुढच्या आठवड्याचे काय? मग प्रत उतरते : भाजी-डाळ जाते, दररोज तेच अन्न येते. मग प्रमाण घटते : ताट लहान होते, एक वेळचे जेवण टळते. शेवटी धान्य संपते आणि दिवस उपाशी जातो. चौथ्या पायरीवरील घर कोणालाही ओळखता येते; तोवर उशीर झालेला असतो. दुसऱ्या पायरीवरील घर ओळखण्यात खरे कौशल्य आहे.

यासाठी विचारणा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीकडे करावी, कुटुंबप्रमुखाकडे नव्हे, आणि शेजारणींच्या देखत करू नये. 'घरात धान्य आहे ना?' असे विचारले तर अब्रूखातर होकारच येतो. 'काल संध्याकाळी काय शिजवले होते? भाजी कधी केली होती?' असे विचारावे.

घर तग धरण्यासाठी काय विकते, हीदेखील एक खूण आहे. दुकानदाराची उधारी, कोंबड्या, मग शेळी, ही विक्री सुस्थिती येताच भरून काढता येते. भांडी किंवा मणी-मंगळसूत्र गहाण पडू लागले, ठेकेदाराकडून पुढच्या हंगामाच्या मजुरीवर उचल घेतली जाऊ लागली, की घर धोक्याच्या रेषेवर आले असे समजावे. मे महिन्यात बियाण्याचे धान उखळात गेले तर ती हानी पुढच्या वर्षापर्यंत पोहोचते. अशा घराला तांदळाइतकीच, किंबहुना अधिक, गरज बियाण्याची असते आणि ती गरज अन्नपुरवठ्याच्या कोणत्याही योजनेत बसत नाही. आदिवासी कुटुंबांसाठी राज्याने २०२० मध्ये पुन्हा सुरू केलेल्या खावटी अनुदान योजनेत कुटुंबास ४ हजार रुपयांची मदत, निम्मी खात्यात आणि निम्मी वस्तुरूपाने, देण्याची तरतूद होती. रोख आणि जिन्नस यांची ही सांगड योग्य होती. खावटीचा खरा उपयोग मात्र पेरणीच्या तोंडाशी असतो. हंगाम टळून गेल्यावर आलेली खावटी घरातील जुन्या उधारीत विरून जाते.

महामारीच्या यादीचे काम महामारी आल्यावर करता येत नाही, कारण तेव्हा तहसील कार्यालयात जाता येत नाही, दाखले मिळत नाहीत आणि ग्रामसभा भरत नाही. तेव्हा ग्रामपंचायतीने एक साधी वही ठेवावी, असे सुचवावेसे वाटते. तिच्यात तीनच गोष्टी असाव्यात. घरात जेवणारी माणसे किती आणि पत्रिकेवर किती. मिळकत कोणत्या महिन्यांत आणि कोणाकडून येते. आणि एकटी राहणारी स्त्री, वृद्ध जोडपे, अपंग किंवा दीर्घ आजारी माणूस घरात आहे काय. पहिल्या रकान्यातील तफावत रास्तभाव दुकानदार, दुसरा रकाना रोजगार सेवक आणि तिसरा अंगणवाडी सेविका वा आशा सेविका यांच्याकडून भरून घेता येईल. यासाठी वेगळा निधी लागत नाही. वर्षातून दोनदा, पेरणीनंतर येणाऱ्या १५ ऑगस्टच्या आणि धान घरात आल्यानंतरच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वी, ती वही ताजी करावी. घराच्या खाजगी अडचणी ग्रामसभेत वाचून दाखविण्याचे कारण नाही. पत्रिकेत नसलेली नावे मात्र वाचावीत आणि त्यांचे अर्ज त्याच आठवड्यात पुरवठा शाखेकडे पाठवून पोच घ्यावी.

स्थलांतरितांसाठी एक सूचना अधिक. 'एक देश एक शिधापत्रिका' या व्यवस्थेत महाराष्ट्र व गुजरात यांची जोडी ऑगस्ट २०१९ मध्येच झाली होती आणि जानेवारी २०२० पर्यंत मध्य प्रदेश व तेलंगणासह बारा राज्ये तीत आली होती. म्हणजे टाळेबंदीच्या वेळी ही सोय कागदावर उपलब्ध होती. हैदराबादेकडे किंवा नागपुरात अडकलेल्या मजुराला ती ठाऊक नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात ही व्यवस्था सर्व राज्यांनी ३१ जुलैपर्यंत लागू करावी असे फर्माविले आणि आता ती देशभर आहे. एकाच पत्रिकेवरील काही धान्य गावी घरच्यांनी आणि काही परगावी कमावत्या माणसाने उचलावे, अशीही तीत सोय आहे. त्यासाठी दोघांचेही आधार क्रमांक पत्रिकेशी जोडलेले असावे लागतात. चिखल्यासारख्या सीमेवरील गावातून दसरा-दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांची ही जोडणी सप्टेंबरपूर्वीच तपासून घेतली, तर ग्रामसेवकाला त्यासाठी फार तर दोन दुपारी लागतील.